भागाचं नाव 'झोप', आणि झोप सोडून सगळं आहे

उलटी_टोपी (धागाकर्ता)

आपल्या लाडक्या तिघांच्या पॉडकास्टचा नवा भाग ऐकला का कोणी? पावणेतीन तास. शीर्षक 'झोप'. झोपेवर मोजून पाच-सहा वाक्यं असतील, ती पण एकटी प्रश्नवाली बोलली. ज्यांनी अजून ऐकला नाही त्यांच्यासाठी गाडी कुठून कुठे गेली ते सांगतो, तसंही यांच्या भागात स्पॉइलर असं काही नसतं. तर प्रश्नवालीने विचारलं की झोपलेल्या माणसाला गुदगुल्या केल्या तर तो झोपेतच हसेल का, त्यावर घोगरा म्हणाला ते सोड, आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या का होत नाहीत ते सांग, त्यावरून उचकी कशी आली ते परत ऐकूनही कळलं नाही पण आली, उचकीवरून अमेरिकेतला तो माणूस ज्याची १९२२ साली लागलेली उचकी १९९० ला थांबली, मग जनावरांना उचकी लागते का, जनावरांवरून वॉम्बॅट या ऑस्ट्रेलियन प्राण्याची चौकोनी लेंडी, ऑस्ट्रेलियात आलोच आहोत तर इमूंचं युद्ध, आणि शेवटचा पाऊण तास बोस्टनचा मळीचा पूर. झोप बिचारी राहिलीच.

मला विचाराल तर बऱ्याच दिवसांत इतका भारी भाग आला नव्हता, आणि कारण हेच की कोणी विषयावर राहिलं नाही. हे लोक जेव्हा तयारी करून येतात, पाहुणा बोलावतात, प्रश्नांची यादी काढतात, तेव्हा भाग अगदी व्यवस्थित होतो आणि हसू मात्र येत नाही. विषय यांना फक्त एकत्र बसायला निमित्त. बोला.

(नवीन लोकांनी गोंधळू नये: घोगरा, प्रश्नवाली, मौनीबाबा ही नावं इथल्या जुन्या मंडळींनी आवाजावरून ठेवलीत. मौनीबाबा म्हणजे रेकॉर्डिंग बघतो तो, तासाभरात एखादं वाक्य टाकतो आणि बाकीचे दोघं कोलमडतात.)

रात्रपाळी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! उचकीवाला तुकडा बसमध्ये ऐकत होते, शेजारच्या बाईंनी सरळ जागा बदलली. चार्ल्स ऑसबोर्न नाव त्या माणसाचं, गिनीज बुकात नोंद आहे. कापायच्या आधी डुकराचं वजन करायला गेला आणि तेव्हा जी उचकी लागली ती ६८ वर्षं. सुरुवातीला मिनिटाला ४०, नंतर २० वर आली म्हणे. प्रश्नवाली इतकी कळवळून सांगतेय, की बघा ना त्याने लग्न केलं, मुलंबाळं झाली, सगळं आयुष्य उचक्या देत काढलं, आणि मौनीबाबा म्हणतो "आणि डुकराचं काय झालं?"

मेले मी तिथे.

खडूस_श्रोता

डुकरासाठी +१. किती मिनिटांवर आहे ते? परत ऐकायचंय.

रात्रपाळी

४७ व्या मिनिटाला.

खडूस_श्रोता

माझ्याकडे ४७ ला घोगरा घोरण्याची नक्कल करतोय.

वायरींचा_गुंता

इथे मिनिटं देऊन उपयोग नाही मंडळी. जाहिराती आता भागात कायमच्या चिकटवलेल्या नसतात, तुम्ही डाउनलोड करता त्या वेळी तुमच्या जागेप्रमाणे, तारखेप्रमाणे सर्व्हर त्या आत घालतो. मला दोन जाहिराती, तुम्हाला पाच, तिसऱ्याला एकही नाही. म्हणून जुना भाग आज ऐकला तरी जाहिरात आजची असते आणि म्हणूनच कधीकधी ती नेमकी वाक्याच्या मध्ये येऊन आदळते. खूण सांगायची तर वाक्य सांगा, "डुकराच्या आधी", "इमूच्या नंतर" असं.

कात्री_चालवा

चला मी काडी टाकतो. पावणेतीन तासांत ऐकण्यासारखा ऐवज तासाभराचा आहे. उरलेलं "काय म्हणत होतो मी" आणि "अरे हो त्यावरून आठवलं" आणि एकमेकांच्या बोलण्यावर खिदळणं. आपण ऐकणाऱ्याच्या वेळेला काही किंमत देतो की नाही? एडिटिंग करणं हा काही गुन्हा नाही. मी दीडपट स्पीडवर ऐकतो, शांतता कापायचं जे बटण असतं ॲपमध्ये ते पण चालू ठेवतो, तरी संपता संपत नाही. आणि खरं सांगू का, मला विशेष हसू पण आलं नाही. विनोद आहेत कुठे यात? एक तरी विनोद इथे लिहून दाखवा जो नुसता वाचून हसू येईल.

तिसरी_घंटा

अहो कात्री, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. शांतता कापायचं बटण! मौनीबाबा डुकराचं विचारायच्या आधी जो थांबतो, प्रश्नवालीचं वाक्य संपलेलं असतं, सगळ्यांना वाईट वाटून झालेलं असतं, कोणी काही बोलत नाही, आणि मग तो तोंड उघडतो. ती जागा तुमच्या ॲपने गिळली. तुमच्या कानाला आलं काय, तर एक करुण वाक्य आणि त्याला चिकटून एक आगाऊ प्रश्न. नाटकात उभा राहिलेला कोणीही सांगेल की हशा हवा तर त्याच्या आधी जागा सोडावी लागते आणि हशा आल्यावर तो ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवावं लागतं. बातम्या ऐका दीडपट, व्याख्यान ऐका दुप्पट, काही बिघडत नाही, माहिती पोचते. इथे माहिती कोणाला हवीये?

आणि एक विनोद लिहून दाखवा म्हणता ते मात्र जमायचं नाही. लिहून दाखवण्यासारखे विनोद यात नाहीतच. एकाने काहीतरी वाकडं बोलायचं, दुसऱ्याने ते न खोडता त्याचीच री ओढायची, तिसऱ्याने त्याच्यावर आणखी एक मजला चढवायचा, इम्प्रोव्ह, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळचं नाटक, करणाऱ्यांचा पहिला नियम तोच आहे की समोरच्याने दिलेलं नाकारायचं नाही. घोगरा म्हणाला वॉम्बॅटला लेंडी चौकोनी रचायची असते म्हणून तो गवंडी, तर प्रश्नवालीने "नाही रे" म्हटलं नाही, तिने विचारलं की मग त्याला प्लंब लाइन (ओळंबा) कोण धरून देतं. हे मी इथे लिहिलं आणि मेलं, बघा.

मेंदूत_मुंग्या

तिसरी_घंटा यांना अनुमोदन, आणि हे नुसतं मत नाहीये, कोणीतरी बसून मोजलंय. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे अमेरिकन संशोधक होते, त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक जागी हिंडून लोक नेमके कशाच्या नंतर हसतात त्याच्या १२०० नोंदी केल्या. हसण्याच्या लगेच आधीचं वाक्य विनोदासारखं म्हणता येईल असं जेमतेम १० ते २० टक्के वेळा निघालं. बाकी सगळं "बरं येतो मग", "अरे हा बघ कोण आला" या जातीचं. आणि दुसरं त्यांचं निरीक्षण असं की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या ३० पट चारचौघांत हसतो. म्हणजे हसणं ही मुळात विनोदाला दिलेली दाद नाहीच, ते एकमेकांना 'मी आहे इथे' असं सांगणं आहे. कानात तिघं हसत असतात तेव्हा आपण एकटे असूनही डोकं आपल्याला चारचौघांत धरतं असं माझं आपलं मत. हे शेवटचं वाक्य माझं, प्रोव्हाइनच्या नावावर खपवू नका.

कात्री_चालवा

म्हणजे मी पावणेतीन तास दुसऱ्यांचं हसणं ऐकायचं. मग जुन्या टीव्ही मालिकांतलं डब्यातलं हसू काय वाईट होतं, ते निदान बावीस मिनिटांत संपायचं.

मेंदूत_मुंग्या

डब्यातलंच होतं ते, शब्दशः! १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन साउंड इंजिनिअरने त्याची पेटीच बनवली होती, बटणं दाबायची की हवं तसं हसू, बायकांचं, पुरुषांचं, फिस्सकन, गडगडाट. वर्षानुवर्षं तीच तीच हसणी वेगवेगळ्या मालिकांत फिरत राहिली.

पण कानाला फरक कळतो हो. २०१६ चा एक अभ्यास आहे, दोन जण एकत्र हसतायत अशा फक्त एकेक सेकंदाच्या क्लिपा जगभरातल्या २४ वेगवेगळ्या समाजांतल्या ९६६ लोकांना ऐकवल्या आणि विचारलं की हे दोघं मित्र आहेत की एकमेकांना आत्ताच भेटलेत. भाषा कळत नाही, बोलणं ऐकवलेलंच नाही, तरी सरासरी ६१ टक्के वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तर ५० आलं असतं. फरक फार मोठा नाही पण सगळीकडे आहे आणि तो एका सेकंदात कळतोय, आपण तर तासन् तास ऐकतो. उलटी_टोपी म्हणतो पाहुणा आला की मजा जाते, त्यातलं निम्मं कारण मला हेच वाटतं. पाहुण्याबरोबरचं हसू सभ्य असतं.

वायरींचा_गुंता

पाहुण्याच्या भागांचं आणखी एक कारण आहे, तांत्रिक. पाहुणे बहुतेक वेळा कॉलवर असतात. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, २०० मिलिसेकंद, वेगवेगळ्या दहा भाषांत मोजून बघितलंय, थोडं इकडे तिकडे पण सगळीकडे त्याच्याच आसपास. म्हणजे समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं तोंडात तयार असतं. आता कॉलवर आवाज जायला थोडा, यायला थोडा, असा तेवढाच उशीर आणखी घाला. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही तुम्ही बोला", आणि कोपरखळी मारायची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर वेगळं रेकॉर्ड करून नंतर ट्रॅक जुळवले तर आवाज स्वच्छ येतो, उशीर पण कापता येतो, पण जो टोमणा मारलाच गेला नाही तो कुठून आणणार एडिटर?

हे तिघं एका खोलीत बसतात म्हणून जमतं. आणि खोलीत बसतात म्हणूनच ती खुर्ची पण ऐकू येते :)

नवा_कान

खुर्चीचं काय? मी मागच्या महिन्यापासून ऐकायला लागलोय. काहीतरी करकर वाजलं की तिघं पण "या या, बसा" म्हणतात ते काय आहे? मला वाटलं कोणी खरंच येतं.

खडूस_श्रोता

घोगऱ्याची खुर्ची. अगदी सुरुवातीच्या काळात ती भयंकर करकरायची, लोकांनी तक्रारी केल्या, तर यांनी खुर्ची बदलायच्या ऐवजी श्रेयनामावलीत तिचं नाव घातलं. आता ती चौथी सूत्रधार आहे. एखाद्या भागात वाजली नाही तर लोक मेल करून तब्येत विचारतात.

नवा_कान

बरं. म्हणजे जुनं सगळं ऐकल्याशिवाय कळणार नाही असं किती आहे? सुरुवात कुठून करू? पहिल्या भागापासून?

उलटी_टोपी

पहिल्या भागापासून अजिबात नको. पहिले भाग कोणत्याच पॉडकास्टचे ऐकू नयेत, सगळे घाबरलेले असतात, नीट बोलतात. कुठलाही अलीकडचा घे ज्यात पाहुणा नाही. निम्मं कळणार नाही, न कळता ऐकत राहायचं. माहितीच्या पॉडकास्टमध्ये न कळलं की माणूस बंद करतो, इथे न कळलेल्यावर तिघं हसतायत म्हणजे काहीतरी आहे एवढं पुरतं, आणि पुढे कधीतरी तो संदर्भ परत येतो आणि तुला कळतो तेव्हा तू आतला झालास.

तिसरी_घंटा

हा प्रकार जुनाच आहे बरं का. ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले २००५ च्या जूनमध्ये आणि त्याच डिसेंबरात ब्रिटनमध्ये विनोदवीर रिकी जर्व्हेसचा पॉडकास्ट गार्डियन वृत्तपत्राच्या साइटवर सुरू झाला, तीन माणसं आणि गप्पा, बाकी काही नाही. गंमत अशी की त्यातला कार्ल पिल्किंग्टन हा मुळात त्यांच्या रेडिओ कार्यक्रमाचा निर्माता, म्हणजे बटणं दाबायला बसलेला माणूस. त्याला सहज काहीतरी विचारलं, तो काहीतरी विलक्षण बोलला, परत विचारलं, आणि हळूहळू कार्यक्रम त्याच्याभोवतीच फिरायला लागला. गिनीजने सर्वाधिक डाउनलोड झालेला पॉडकास्ट म्हणून नोंद केली होती तेव्हा. ठरवून कोणी "आता आपण निर्मात्याला बोलतं करू" असं म्हटलं असतं तर घंटा जमलं नसतं. आपला मौनीबाबा त्याच घराण्यातला.

मेंदूत_मुंग्या

गुदगुल्यांचं अर्धवट सोडून दिलं यांनी आणि तेच सगळ्यात भारी होतं म्हणून मी पूर्ण करते. घोगरा म्हणाला की स्वतःला गुदगुल्या होत नाहीत कारण आपल्याला लाज वाटत नाही स्वतःची. छान आहे पण तसं नाही. आपण हात हलवतो तेव्हा लहान मेंदू आधीच अंदाज बांधून ठेवतो की आता इथे असा असा स्पर्श होणार, आणि अंदाज जुळला की त्या स्पर्शाची धार कमी करतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी प्रयोग केला, तुम्ही डाव्या हाताने एक दांडी हलवायची आणि त्याबरहुकूम एक रोबो तुमच्या उजव्या तळव्यावर स्पंज फिरवणार. लगेच फिरवला तर काही नाही. पण मध्ये थोडा उशीर घातला, १००, २००, ३०० मिलिसेकंद, तर जितका उशीर जास्त तितक्या गुदगुल्या जास्त. हात तुमचाच, पण अंदाज चुकला.

आणि उंदरांना पण होतात बरं गुदगुल्या. याक पँकसेप या संशोधकांनी दाखवलं होतं, उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात, आपला कान २० च्या पुढे ऐकत नाही म्हणून आपल्याला पत्ता नाही. डार्विनने तर १८७२ सालीच लिहून ठेवलंय की गमतीशीर कल्पनेने मनाला होतात त्या एक प्रकारे गुदगुल्याच. अंदाज बांधता आला की गेलं, दोन्हीकडे.

उलटी_टोपी

ताई हे मी मघापासून म्हणतोय ते तुम्ही प्रयोगासकट सांगितलंत. प्रश्नांची यादी घेऊन आलेला भाग म्हणजे स्वतःच स्वतःला गुदगुल्या.

गवताळ

इमूंबद्दल चुकीचं बोलले आहेत, दुरुस्ती करतो. "ऑस्ट्रेलियाचं सैन्य पक्ष्यांकडून हरलं" असं सगळेच सांगतात पण सैन्य म्हणजे किती, तर एक मेजर, त्याच्या हाताखाली दोन जण, दोन लुईस मशीनगन आणि १०,००० गोळ्या. १९३२ चा नोव्हेंबर, पश्चिम ऑस्ट्रेलिया. शेतकरी बहुतेक पहिल्या महायुद्धातून परत आलेले सैनिक, सरकारने जमिनी देऊन बसवलेले, त्यात मंदीने गव्हाचा भाव कोसळलेला, त्यात दुष्काळ, त्यात साधारण २०,००० इमू आत घुसले आणि सशांना अडवायला घातलेली कुंपणं तोडली. ते जुने सैनिक असल्यामुळेच त्यांनी मशीनगन मागितली, त्यांना तिचा वापर माहीत होता. ट्रकवर बंदूक लावून पाठलाग पण केला, ट्रक इतका उडत होता की नेम सोडा, गोळीच झाडता येईना.

खरी गंमत यांच्याकडून सुटली. मेजर मेरेडिथने शेवटी हिशोब दिला तो असा, ९,८६० गोळ्यांत ९८६ इमू. बरोब्बर दहाला एक. पूर्णांकात. आता हा हिशोब त्याने कागद-पेन्सिल घेऊन कुठे बसून जुळवला असेल यावर घोगऱ्याने अर्धा तास घ्यायला हवा होता.

रात्रपाळी

गवताळदादा पायलागू, ९,८६० वर मी एकटीच हसतेय

खडूस_श्रोता

पुढे काय झालं इमूंचं?

गवताळ

सैन्य परत गेलं. मग सरकारने मारलेल्या इमूमागे बक्षीस द्यायचं धोरण चालवलं, १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ बक्षिसं दिली गेली. ते काम झालं, पण त्यात मजा नाही म्हणून कोणी सांगत नाही.

कात्री_चालवा

लांबीचं राहू दे बाजूला. शेवटच्या पाऊण तासाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून विचारतो. बोस्टनच्या त्या दुर्घटनेत २१ माणसं मेली. प्रश्नवाली मेलेल्यांची वयं वाचते, त्यात दहा वर्षांची दोन मुलं, आणि वाचून संपतं न संपतं तोच तिघं फिदीफिदी हसायला लागतात. हे तुम्हाला चालतं? शंभर वर्षं झाली म्हणून काहीही? विषयाला फाटे फोडत जायचं आणि वाटेत कोण आडवं येतं ते बघायचं नाही, हा त्याचाच परिणाम. लिहून आणलं असतं तर असं झालं नसतं.

शिशिर_नको

मलाही तो विषय निघाला तेव्हा धाकधूक होती. मळीचा पूर म्हटलं की लोक आधी हसतात, कारण मळी म्हणजे मुंगीच्या गतीने सरकणारी वस्तू अशीच आपल्या डोक्यात असते. प्रत्यक्षात १५ जानेवारी १९१९ ला दुपारी मळीची ती टाकी फुटली तेव्हा लाट ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावली असं म्हणतात, ८७ लाख लिटर, पंधरा मीटर उंच टाकी. पळायला वेळच नव्हता. आणि थंडीमुळे नंतर ती आणखी घट्ट होत गेली, अडकलेल्यांना काढणं मुश्कील झालं.

पण यांनी ते हलकं घेतलं असं मला नाही वाटलं. हसणं सगळं टाकीवाल्या कंपनीवर होतं ना. टाकी गळत होती, सगळ्यांना दिसत होतं, आसपासची पोरं गळकी मळी डब्यांत भरून न्यायची, त्यावर कंपनीचा उपाय काय तर टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे गळलेलं दिसणार नाही. ज्याच्या देखरेखीखाली ती उभी राहिली तो पैशांचा हिशोब बघणारा माणूस, त्याला बांधकामाचे नकाशे वाचता येत नव्हते, तपासणी म्हणून आत सहा इंच पाणी भरून बघितलं. पंधरा मीटरच्या टाकीत सहा इंच. आणि फुटल्यावर म्हणाले अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. यावर हसायचं नाही तर कशावर? खटला वर्षानुवर्षं चालला, शेवटी भरपाई द्यावी लागली, आणि त्या राज्यात पुढे अशा बांधकामाच्या आराखड्यावर इंजिनिअरची सही लागायला लागली.

कात्री_चालवा

कंपनीवर हसले ते मी म्हणत नाहीये. वयं वाचली आणि लगेच हसले ते म्हणतोय.

शिशिर_नको

लगेच? लगेच कुठे? वयं वाचून झाल्यावर कोणी बोलतच नाही. इतका वेळ बोलत नाहीत की मी फोन बघितला, भाग अडकला की काय म्हणून. घोगरा नुसता श्वास सोडतो. आणि मग ती खुर्ची वाजते. त्या तसल्या शांततेत, एकटीच, करकर. त्यावर पहिल्यांदा प्रश्नवाली फुटते, आणि तिचं ते हसणं आहे का रडणं आहे हेच आधी कळत नाही.

वायरींचा_गुंता

कात्री भाऊ, ते बटण.

रात्रपाळी

अरे देवा. हो. बटण

तिसरी_घंटा

आणि खुर्चीची करकर बारीक असते, दीडपट वेगात ती कानाला लागणार पण नाही. म्हणजे तुम्हाला ऐकू आलं ते असं, की दहा वर्षं, दहा वर्षं, आणि हाहाहा. तसं ऐकलं असतं तर मी पण भडकलो असतो.

एक सांगतो, एडिटरला तिथे कात्री लावायचा मोह झालाच असणार. इतकी लांब शांतता कोणी ठेवत नाही, ऐकणारा निघून जातो अशी भीती असते. यांनी ठेवली. तुम्ही म्हणता लिहून आणायला हवं होतं, तर लिहून आणलेल्या भागात तिथे एक गंभीर वाक्य आलं असतं, "अत्यंत दुःखद घटना", आणि मग पुढची जाहिरात.

कात्री_चालवा

बरं, साध्या स्पीडवर ऐकतो तेवढाच तुकडा. कुठे आहे? मिनिटं सांगू नका.

शिशिर_नको

तपकिरी रंगाच्या आधी. "आता मी नावं नाही वाचत, फक्त वयं वाचते" तिथपासून ऐका.

नवा_कान

मध्येच विचारतो, वॉम्बॅटची लेंडी खरंच चौकोनी असते? का ते पण घोगऱ्याचं?

गवताळ

खरंच असते. घनाकृती. आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, काही पट्टे कडक आणि काही सैल, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात कोपरे पडतात. ज्यांनी हे शोधलं त्यांना २०१९ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं, भौतिकशास्त्राचं.

नवा_कान

भौतिकशास्त्राचं!! मी आज कोणाशीच दुसरं काही बोलणार नाहीये.

उलटी_टोपी

झालास आतला.

कात्री_चालवा

ऐकलं. शांतता आहे, बरीच आहे. खुर्ची पण आहे. तो तुकडा तसाच ठेवावा.

घोरण्याच्या नकलेची सात मिनिटं मात्र कोणत्याही स्पीडवर सात मिनिटंच वाटतात, ती कापा, आणि उंदरांना उचकी लागते का यावरची पण. सूत्रधारांना मेल लिहितोय, गवताळ तुमचे ते ९,८६० आणि ९८६ घेऊ का त्यात? पुढच्या भागात वाचले तर वाचले.

गवताळ

घ्या की. फक्त सुरुवातीला "भाग फार लांब होता" असं लिहू नका, मौनीबाबा ते वाक्य दर वेळी अर्ध्या वेगाने वाचतो.